द लास्ट ऑफ अस: आधी दादाच्या पीएस थ्रीवर, मग दहा वर्षांनी आईच्या शेजारी बसून

आधीच सांगते, खाली स्पॉयलर आहेत, गेमचे पण आणि सिरीजच्या पहिल्या सीझनचे पण. ज्यांनी काहीच बघितलं नाहीये त्यांनी आधी बघून या, मग वाचा.

२०१३ च्या दिवाळीत दादा पुण्याहून वाईला घरी आला तेव्हा बॅगेत पीएस थ्री, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं प्लेस्टेशन, आणि 'द लास्ट ऑफ अस'ची एक सेकंड हँड डिस्क घेऊन आला. मी अकरावीत होते. झोंबी मारायचा गेम असेल म्हणून मी नुसती शेजारी बसले होते तर त्यानं कंट्रोलर माझ्याच हातात दिला. आणि गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही हिरो नसताच, तुम्ही सारा असता, जोएलची मुलगी, बारा वर्षांची, मध्यरात्री फोनच्या आवाजानं उठलेली आणि बाबा कुठायत म्हणून अंधाऱ्या घरात एकेक दार उघडत फिरणारी. पाऊण तासाच्या आत ती पोरगी जोएलच्या हातात मरते. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसले. आजपर्यंत कुठल्या गेमनं माझं असं केलं नव्हतं.

मग आख्खी सुट्टी तोच गेम खेळला. ज्यांनी खेळला नाहीये त्यांना थोडक्यात सांगते, मुंग्यांना होणारी कॉर्डिसेप्स नावाची बुरशी खरीच असते, ती मुंगीचा ताबा घेते, तीच माणसांना झाली तर काय होईल यावर सगळी गोष्ट आहे. वीस वर्षांनंतर जोएलला चौदा वर्षांच्या एलीला घेऊन अर्धी अमेरिका ओलांडायची असते कारण तिला बुरशी झालेल्या माणसाचा चावा बसूनही काही झालेलं नाही, म्हणजे तिच्यापासून लस बनू शकेल. गोष्ट एवढीच. पण खेळताना हाताला ज्या सवयी लागतात ना, तिथं या गेमची खरी करामत आहे. चिंधी आणि अल्कोहोल या दोनच गोष्टींतून एकतर जखमेची पट्टी होते नाहीतर पेटता बॉम्ब, दोन्हीला सामान तेच, त्यामुळे प्रत्येक वेळी ठरवायचं की आता वाचायचंय की मारायचंय, आणि हे ठरवताना गेम थांबत नाही, मागून क्लिकरचा, म्हणजे बुरशीनं डोकं फोडून टाकलेल्या माणसाचा, तो कटकट आवाज येतच असतो. क्लिकरला डोळे नसतात, तो आवाजावर येतो आणि धरलं की संपलं. मी श्वास रोखून वीट फेकायचे दुसऱ्या कोपऱ्यात, खरंच श्वास रोखून.

आणि शिडीचं बघा. उंच भिंत आली की ट्रँगलचं बटण दाबायचं, एली येते, जोएल तिला हातावर उचलून वर चढवतो, ती वरून शिडी सोडते. हे इतक्यांदा करता की बोट आपोआप जातं. शेवटाकडं सॉल्ट लेक सिटीत अशीच एक भिंत येते, तुम्ही बटण दाबता, जोएल हातांची पायरी करून उभा राहतो, आणि एली येतच नाही. मागं वळून बघितलं तर ती बसलीये आपल्याच तंद्रीत, आदल्या हिवाळ्यात तिच्यावर जे गुदरलं त्यातून ती बाहेरच आलेली नाहीये. कुणी एक शब्द बोलत नाही त्याबद्दल. माझं बोट बटणावर तसंच राहिलं आणि मला पोटात कळलं की ही पोरगी बदललीये. हे सिनेमात करताच येत नाही.

म्हणूनच एचबीओवर सिरीज येणार कळलं तेव्हा मला भीतीच वाटली होती. पण लिहायला गेम लिहिणारा नील ड्रकमन स्वतः होता आणि सोबत चेर्नोबिल ही सिरीज करणारा क्रेग मॅझिन, संगीतही पुन्हा गुस्ताव्हो सांताओलाया यांचंच, ते रोनरोको या छोट्या तंतुवाद्याचं वाजणं पहिल्या टायटलला सुरू झालं आणि मी तिथंच निवांत झाले. पेड्रो पास्कल गेममधल्या जोएलसारखा दिसत नाही, बेला रॅमझी तर एलीसारखी अजिबात दिसत नाही, यावर लोकांनी खूप आरडाओरडा केला, पण दुसऱ्या एपिसोडपर्यंत मला दुसरं कुणी डोळ्यासमोर येईना.

जानेवारी २०२३ ला मी घरूनच काम करत होते, तेव्हा हॉटस्टारवर दर सोमवारी एपिसोड यायचा, तो मी रात्री जेवणं झाल्यावर लावायचे. आई सुरुवातीला नुसती बसायची, इंग्रजी पटापट कळत नाही म्हणून मी मधेमधे सांगायचे. तिसरा एपिसोड आला बिल आणि फ्रँकचा. गेममध्ये बिल हा एकटा, चिडका माणूस आहे, फ्रँक आपल्याला फक्त गळफास घेतलेला दिसतो, आणि त्याच्या चिठ्ठीत बिलबद्दल नुसता राग. सिरीजनं हे सगळं उलटं केलं, दोघांचा सोळा वर्षांचा संसार दाखवला, आणि त्यात तो स्ट्रॉबेरीचा सीन. फ्रँकनं बिलची एक बंदूक देऊन गुपचूप बिया घेतलेल्या असतात, तो बिलला बागेत नेतो, पाल्याखाली लाल फळं लागलेली, दोघं एकेक तोंडात टाकतात आणि बिल, तो दाढीवाला रांगडा माणूस, चव लागताक्षणी लहान पोरासारखा खुदकन हसतो.

आमच्याकडं तेव्हा स्ट्रॉबेरीचाच सीझन होता, महाबळेश्वर-पाचगणीचा माल रस्त्यावर पाट्या भरून असतो, घरी कौतुक कुणालाच नसतं. आईनं विचारलं, "किती वर्षांनी खातोय गं तो?" मी म्हटलं, जग संपल्यापासून पहिल्यांदाच असणार. ती काही बोलली नाही. उठली, फ्रीजमधून वाटीभर स्ट्रॉबेरी घेऊन आली, आणि पुढचा सगळा एपिसोड, ते शेवटचं जेवण, बंद झालेलं दार, उघडी खिडकी, आम्ही दोघींनी ती वाटी मांडीवर ठेवून बघितला आणि वाटी तशीच राहिली. दोन पुरुषांचा संसार आहे यावर आई काय म्हणेल याची मला धाकधूक होती. ती एवढंच म्हणाली, "आजारपणात किती केलं गं त्यानं त्याचं." बिलचं काम करणाऱ्या निक ऑफरमनला पुढं टीव्हीचं मोठं बक्षीस, एमी, मिळालं, आमच्या घरात त्याच रात्री मिळालं होतं.

माझं मत असं झालंय की सिरीज जिथं गेमची वाट सोडून स्वतःच्या वाटेनं जाते तिथं ती एक नंबर आहे. बिल-फ्रँक तर आहेच, पाचव्या एपिसोडमधला छोटा सॅम बहिरा दाखवलाय तेही तसंच, भाऊ हेन्री त्याच्याशी हातांनी बोलतो आणि पाटीवर लिहिलेली ती शेवटची वाक्यं विसरता येत नाहीत. पण जिथं गेम जसाच्या तसा उतरवलाय तिथं कमी पडते. शिवाय इन्फेक्टेड, म्हणजे बुरशी झालेली माणसं, फार कमी दिसतात, मधले दोन तीन एपिसोड तर भीती वाटायचीच थांबते, मग एली इतकी महत्त्वाची का हेच विसरायला होतं.

सगळ्यात जास्त खटकलं ते शेवटचं हॉस्पिटल, जिथं लस काढायची तर एलीचा जीव जाणार असतो आणि जोएल तिला सोडवायला जातो. शेवटचा एपिसोड पाऊण तासाचासुद्धा नाही. गेममध्ये तुम्ही ऑपरेशन थिएटरचं दार उघडता, एली टेबलवर बेशुद्ध, डॉक्टर हातात स्काल्पेल धरून आडवा उभा, आणि गेम तिथंच उभा राहतो. तुम्ही त्याला मारल्याशिवाय पुढं काहीच होत नाही. मी कितीतरी वेळ नुसती उभी होते, दुसरा काही रस्ता असेल म्हणून खोलीभर फिरले पण नव्हता. सिरीजमध्ये ते काम पास्कल करतो, फार चांगलं करतो, डोळ्यात काहीच उरलेलं नसतं त्याच्या, पण तो करतो, मी नाही. हा फरक खूप मोठा आहे.

एपिसोड संपल्यावर आई जोएलवर चिडली, कारण हॉस्पिटलमध्ये खरं काय झालं ते तो एलीला सांगत नाही. माणसं मारली म्हणून नाही. "वाचवलं ते बरोबरच, पण पोरीशी खोटं कशाला बोलायचं? तिला उद्या कळल्याशिवाय राहणारे का?" दादाला फोन लावला तर तो म्हणाला खरं सांगितलं असतं तर ती परत गेली असती. अजून दोघांचं मिटलेलं नाही.

ज्यांना विचारायचं असेल आधी काय, त्यांना माझं उत्तर आधी गेम. पीएस फाइव्ह असेल तर २०२२ चा पार्ट वन, म्हणजे हाच गेम नव्यानं केलेला, तो घ्या, चेहरे फारच सुंदर केलेत, गोष्ट तीच. कंट्रोलर हातात धरलाच नसेल कधी तर सगळ्यात सोप्या लेव्हलवर खेळा, लाजायचं काही कारण नाही. खेळणं शक्यच नसेल तर सिरीज बघा पण लहान मुलांसमोर नको. आणि गेममध्ये जिराफ येतात ती जागा आली की घाई करू नका. सिरीजमध्ये पण तो सीन आहे, कॅल्गरीच्या प्राणिसंग्रहालयातला खरा जिराफ आहे, एली त्याला पाला भरवते, छान आहे, पण तो मिनिटभरात संपतो. गेममध्ये एली कठड्याला टेकून खाली बघत उभी राहते, खाली हिरवळीत जिराफांचा कळप, आणि तुम्ही हलेपर्यंत कुणीच हलत नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवा आणि बघत बसा.