चार कॉइलचं बिल भरलं, मिसिंग तसंच

कोथरूडमधल्या एका पेट्रोल हॅचबॅकची ही हकिगत. पावसाळ्यात गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिनाचा एखादा सिलिंडर मधूनमधून पेटेना. सिग्नलला उभी असताना थरथरायची, कात्रजच्या चढावर झटके द्यायची. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०३०२ कोड दाखवला आणि म्हणाला, "साहेब, कॉइल गेलीय. एक बदलून काय उपयोग, बाकीच्याही जाणारच. सेटच टाकू." बिल चार कॉइलचं झालं; प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एकेक कॉइल असते. जुन्या मागितल्या, तर म्हणे भंगारात गेल्या. गाडी जेमतेम आठवडाभर नीट चालली.

पी०३०२ एवढंच सांगतो, की दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे शोधावं लागतं, आणि पहिली तपासणी फुकट होते. इंजिन गार झाल्यावर, इग्निशन बंद ठेवून कॉइलच्या वायरिंग कनेक्टरचं लॉक हलक्या हाताने सोडवा. उष्णतेने ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं, ओढलं की तुटतं. बोल्ट बहुधा १० मिमीचा असतो. दोनची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा आणि गाडी चढावर न्या. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पुन्हा पी०३०२च आला तर कॉइलला हात लावू नका, तशीच अदलाबदल प्लगची करा. ही तपासणी न करता कुणी सेट सांगत असेल, तर तिथून गाडी काढलेली बरी. प्लग सेटनेच बदलावेत, कॉइल नाही.

"मीटरवर ओपन दाखवतेय", म्हणजे कॉइलच्या आतली तार तुटलीय, हेही ऐकायला मिळतं. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये करंट चालू-बंद करणारा इग्नायटर बहुधा आतच असतो, अशा कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स, म्हणजे पहिल्या वेटोळ्याचा रोध, साध्या मीटरने कळत नाही.

या गाडीचं बोनेट दुसरीकडे उघडलं, तेव्हा तीन कॉइलच्या बोल्टांवर धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता. त्यांना पाना लागलाच नव्हता. बदललेली एकच, दोन नंबरची, आणि तिच्यावर पार्ट नंबर नाही. ती उपसली तर प्लगवर बसणारं तिचं रबरी बूट तेलाने चिकट झालेलं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळून प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं होतं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती. स्पार्क त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर बॉडीला जात होता. पॅकिंग बदललं, खड्डा साफ केला, नवे प्लग आणि नवं बूट बसवलं, मिसिंग गेलं.

गाडी गॅरेजला देण्याआधी कॉइलवर मार्करने खुणा करून फोटो काढा. जुने पार्ट, नव्यांची खोकी आणि बिलावर पार्ट नंबर हवा, हे काम सुरू होण्याआधीच सांगा. तो नंबर घेऊन नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत भाव विचारता येतो. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर भाव काढत फिरू नका, गाडी टो करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.