‘शेतकऱ्यांना’ शोधताना: नोटपॅड प्लस प्लसच्या रेजेक्सचा वापरानंतरचा अनुभव

परभणीत डीटीपी आणि मुद्रितशोधनाचे काम करताना गेल्या पावसाळ्यापासून मी नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमधील रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे रेजेक्सची (ठरावीक चिन्हे लिहून शब्दांचा नमुना शोधण्याची), सोय रोज वापरत आहे. हे लिहिण्याचे निमित्त मात्र अलीकडचे आहे. एका सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘शेतकऱ्यांना’ काढून ‘सभासदांना’ करायचे होते; ‘रिप्लेस ऑल’ चालवले, तरी प्रुफात जुना शब्द पानोपानी तसाच होता.

तोवर माझे मत फार चांगले होते. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे बदलल्यापासून जुन्या फायली नव्या नावांनी करून देण्याचे काम आमच्याकडे सतत येते. साध्या फाइंड-रिप्लेसने ‘औरंगाबादच्या’ नीट बदलते, पण ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरेत’ होऊन बसते, आणि असे मराठी कोणी बोलत नाही. म्हणून आधी ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरात’ करून घ्यायचे आणि मग उरलेल्याकडे वळायचे. खंडपीठाचा उल्लेख होता तसा ठेवायचा असेल, तर शोधाच्या चौकटीत औरंगाबाद(?! खंडपीठ) एवढे लिहिले की पुरते, ज्या ‘औरंगाबाद’पुढे ‘खंडपीठ’ आहे, ते सोडून बाकी सारे बदलते. दिवसभराचे काम चहा संपायच्या आत होते.

आता ‘शेतकऱ्यांना’कडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह टाकतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही एकसारखेच दिसतात, पण एडिटर अक्षरांचे क्रमांक जुळवून पाहतो आणि त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द असतात. अहवाल दोन-तीन जणांनी मिळून टाइप केला असेल, तर दोन्ही रूपे एकाच परिच्छेदात सापडतात. सध्या मी शेतक(ऱ्|र्‍)यांना असे लिहितो. उभ्या रेघेमुळे दोन्हींपैकी कोणतेही रूप चालते. जॉइनर दिसत नसल्यामुळे तो त्याच फायलीतून कॉपी करून चिकटवावा लागतो.

सुरुवातीला हा दोष मी पूर्णपणे एडिटरच्या माथी मारत होतो. प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाचे नियम वाचल्यावर ते मत बदलले. जॉइनरवाले रूप युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य केलेले आहे, आणि ते ऱ-वाल्या रूपाशी समतुल्य धरले जात नाही. तेव्हा एडिटरने त्यांना वेगळे मानणे नियमाला धरूनच आहे. तरीही रोज देवनागरीत काम करणाऱ्यासाठी ‘दिसायला सारखे ते सारखे’ असा एखादा पर्याय शोधाच्या खिडकीत असायलाच हवा, असे माझे ठाम म्हणणे आहे. ‘शेतकरी’, ‘कामकरी’, ‘गावकरी’ यांची अनेकवचनी रूपे आमच्या भागातल्या कोणत्या अहवालात येत नाहीत?

एक सावधगिरी सर्वांनीच बाळगावी. फोल्डरमधल्या सगळ्या फायलींत एकदम बदल करणाऱ्या ‘रिप्लेस इन फाइल्स’ने न उघडलेल्या फायलींत केलेला बदल कंट्रोल-झेडने परत येत नाही. आधी फोल्डरची प्रत काढावी, ‘फाइंड ऑल’ दाबून आकडा पाहावा आणि मगच बदल करावा.

हे सारे फुकट मिळते. वार्षिक वर्गणीच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी पाने लावतो, त्याचे यंदाचे पैसे भरताना हाच विचार मनात येत होता. मजकुराची सगळी साफसफाई मी आता इथेच उरकतो आणि तिकडे फक्त पाने लावतो.