अरुंद नेकची जुनी गिटार घ्यावी की ४३ मिमीची?

जुनी अकूस्टिक गिटार शोधायला निघालं की एखादी अरुंद नेकवाली हटकून समोर येतेच. लाकूड पिकलेलं, आवाज मोकळा, आणि नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिथे, नेक इतकी बारीक की हातात घेताक्षणी आवडून जाते. माझ्याकडे दोन्ही प्रकार नांदले आहेत. एक साठ-सत्तरच्या दशकातली जपानी, आतलं लेबल कधीच निघून गेलेलं, नटची रुंदी जेमतेम ४० मिमी. दुसरी तिच्याहून बरीच तरुण, नट ४३ मिमी. टॉप, ब्रेसिंग, तारा याबद्दल इथे लिहीत नाही. ते तुम्ही बघालच.

मापांचा इतिहास थोडक्यात. मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने १९३९ मध्ये आपल्या ड्रेडनॉटचा, म्हणजे मोठ्या अंगाच्या अकूस्टिक गिटारचा, नट पावणेदोन इंचांवरून १ ११/१६ इंचावर, म्हणजे साधारण ४३ मिमीवर आणला. गिब्सन ही दुसरी अमेरिकी कंपनी १९६५ च्या सुमारास त्याहून खाली, १ ९/१६ इंचावर उतरली, म्हणजे ४० मिमीच्याही किंचित आत. त्या काळातली गिब्सनची जे-४५ ही गिटार हाताला वेगळी लागते ती यामुळे. दोन्ही कडांना साडेतीन मिमी सोडले, तर ४३ च्या नटवर दोन तारांमध्ये सुमारे ७.२ मिमी अंतर पडतं, ४० च्या नटवर ६.६. कागदावर हा फरक हसण्यावारी नेण्यासारखा आहे.

अरुंद नेकची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. अंगठा वरून आणून सहावी तार दाबत एफ वाजवायची सवय असेल, तर अशी नेक म्हणजे दुधात साखर. बार कॉर्डला, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना, बोट कमी ताणावं लागतं, मनगट दुखत नाही, नुसत्या स्ट्रमिंगवर गाणी म्हणणाऱ्याला तर खोट काढायला जागाच नाही. उजव्या हाताची काळजी बहुतेकांना उगाच वाटते. नट अरुंद असला म्हणून ब्रिजवरचं, म्हणजे तारा खाली गिटारच्या अंगावर जिथे अडकवतात तिथलं, तारांचं अंतर त्याच प्रमाणात कमी असतं असं नाही. माझ्या दोन्ही गिटारींवर फिंगरपिकिंग करताना उजव्या हाताला फारसा फरक कळत नाही.

डाव्या हाताला कळतो, आणि तोही नेमका सी कॉर्डमध्ये. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटला, आणि पहिली तार मोकळी सुटायला हवी. माझी बोटं जाडसर. अरुंद नेकवर त्या बोटाचं मांस पहिल्या तारेला टेकतं आणि स्वराच्या जागी ‘ठप्प’ असा आवाज येतो. जोरात स्ट्रमिंग चालू असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण भावगीताच्या साथीला एकेक तार सोडत गेलं की शेवटचा, सगळ्यात उंच स्वर दर वेळी मरतो. बोट उभं धरा, कोपर पुढे घ्या, सगळं करून झालं. पाच मिनिटं जमतं, मग हात मूळपदावर येतो.

यावर कॅपोचा, म्हणजे नेकवर आवळून सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याचा, तोडगा आहे. नेक ब्रिजकडे रुंदावत जाते; माझ्या जपानी गिटारवर तिसऱ्या फ्रेटपाशी ती ४३-४४ मिमी भरते. तिथे कॅपो लावला की तोच सी लख्ख वाजतो. पण तो आता पेटीवरच्या काळी दोनचा, म्हणजे दीड स्वर वरचा झालेला असतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गणेशोत्सवात गाणारी हौशी मंडळी पांढरी एकची, फार तर काळी एकची. काळी दोनला अंतरा सुरू झाला की एकेकाच्या मानेच्या शिरा दिसू लागतात. तारा दीड स्वर उतरवून वर कॅपो लावणं हाही एक मार्ग, पण नेहमीच्या जाडीच्या तारा इतक्या सैल केल्या की माझ्या गिटारवर खडखडतात. गिटारच्या सोयीसाठी गाणाऱ्याचा षड्ज हलवायचा, हे मला पटेना. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

नट बदलणं हाही उपाय आहे आणि तो अगदीच वाया जात नाही. इथल्या महाराज बाडा चौकाजवळ सतार-तानपुरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून मी हाडाचा नट करून घेतला. जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणारा हात तो. एकेक खाच बारीक कानशीने दोनदा ओढायची, तार बसवायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा ओढायची. कडेची जागा अडीच मिमीवर आणून त्यांनी तारांमध्ये ७ मिमी काढून दिले. सी सुधारला. मात्र पुल-ऑफ करताना, म्हणजे दाबलेलं बोट तार ओढत उचलताना, पहिली तार फिंगरबोर्डच्या कडेवरून खाली घसरू लागली. त्यात ग्वाल्हेरचा मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकला की कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात. ती घासून तिरकी केली की तारेखालची उरलीसुरली जागाही जाते. रुंद नेकवर घासायला वाव असतो, अरुंदवर नसतो.

आता ‘हात लहान, म्हणून अरुंद नेक’ या सल्ल्याबद्दल. मला तरी बोटांच्या लांबीपेक्षा टोकांची जाडी महत्त्वाची वाटते. माझ्या भाचीचा पंजा माझ्यापेक्षा मोठा आहे, पण बोटं सडसडीत. त्याच जपानी गिटारवर तिचा सी घंटेसारखा वाजतो. तेव्हा तुमची बोटं बारीक असतील, किंवा गाणी जी, डी, ई-मायनरमध्येच फिरत असतील, तर माझी कुरकुर मनावर घेऊ नका. जाडसर बोटं आणि सी-शेपवर प्रेम असेल, तर मी ४३ कडे झुकेन, आवाज उन्नीस-बीस असला तरी.

ठरवण्याआधी विकणाऱ्याच्या समोरच कॅपो काढून ठेवा. सी धरा आणि सहा ते एक तारा सावकाश छेडा. मग हात काढून पुन्हा धरा, या वेळी बोटांकडे न बघता. पहिली तार दोन्ही वेळा वाजली, तर पैशांचं बोलायला हरकत नाही.