94 च्या पुढे स्पीड जाईना, आणि चोर भिंतीत निघाला

सांगलीत माझं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं, आठ कॉम्प्युटर, सगळ्यांचा टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) डेटा एकाच मशीनवर. नवीन जागा घेतली तेव्हा ओळखीतून आलेल्या एकाला नेटवर्किंगचं काम दिलं. आठ पॉइंट (भिंतीवरचे नेटचे सॉकेट), कॅट सिक्स केबल, गिगाबिट म्हणजे 1000 एमबीपीएसचा स्विच (सगळ्या केबली जोडायचा डबा), राउटर, सगळे मिळून 31 हजार. पक्कं बिल घेऊ नका साहेब, 18 टक्के वाचतील म्हणाला, आणि दिवसभर लोकांना पक्की बिलं मागायला लावणारा मी, हो म्हणालो. हसा.

नंतर नेटचा प्लॅन 300 एमबीपीएसचा केला तरी स्पीड टेस्ट केली की 94. कधी 93, कधी 94, पण त्याच्या वर कध्धीच नाही. नेटवाल्यांशी तीनदा भांडलो, शेवटी त्यांचा पोरगा आला, त्यांच्या डब्याला थेट लॅपटॉप लावला तर 290 च्या वर! मग परत आमच्या माणसाला बोलावलं तर म्हणे राउटर जुना झाला, 1200 वाला घ्या. घेतला, 2600 ला. तरी 94. नंतर कळलं की ते 1200 म्हणजे वायफायच्या दोन बँडची बेरीज, 300 अधिक 867, आणि त्या डब्याच्या मागचे वायरचे पोर्ट सगळे 100 चेच. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आपण मोठा आकडा बघतो.

शेवटी मित्राच्या मुलाने स्विच उलटा करून दाखवला, खाली स्टिकरवर 10/100 लिहिलेलं. म्हणजे गिगाबिट नव्हताच. मग नवा गिगाबिट स्विच आणि गिगाबिट पोर्टचा राउटर आणला तरी पॉइंटवर तेच, म्हणून त्याने भिंतीवरचा सॉकेट उघडला आणि मला हाक मारली. एका केबलमध्ये आठ तारा असतात, गिगाबिटला आठही लागतात, 100 चं काम चार तारांत भागतं. ह्या बहाद्दराने एका केबलच्या चार तारा एका सॉकेटला आणि उरलेल्या चार शेजारच्याला दिलेल्या! आठ पॉइंटला चारच केबली, पैसे आठांचे. तार ब्लेडने खरवडली तर वरून तांबं, आत पांढरं अॅल्युमिनियम.

नुसता नेटचा प्रश्न असता तर चाललं असतं हो, पण 100 मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला जेमतेम 11 मेगाबाइट (एमबी), 4 जीबीचा टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर टाकायला सहा मिनिटं, आणि 20 तारखेला थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरताना सगळेच एकदम डेटा ओढतात तेव्हा स्टाफ नुसता गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचा.

तुमच्याकडे कोणी असं काम करत असेल तर पैसे देण्याआधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड बघा, 1000/1000 यायला पाहिजे. 100/100 दिसलं तर सॉकेट तुमच्यासमोर उघडायला लावा.

त्या नेटवर्किंगवाल्याला फोन केला तर म्हणतो, लाइट लागतीये ना साहेब, मग चालू आहे की. बिल नाही त्यामुळे तक्रार कशाच्या जोरावर करणार. सहा पॉइंट नव्याने ओढून घेतले, दोन प्लायवूडच्या कपाटामागे आहेत, ते अजून 94 वरच.