नाणे की दप्तर? नाशिकच्या इतिहासाच्या वर्गासाठी

पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आल्यापासून इतिहासाच्या प्राध्यापकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. मुलांना जुन्या वस्तूंकडे न्यायचे, की जुन्या कागदांकडे? एका सत्रात दोन्ही धड होत नाही. नाशिकमध्ये शिकवत असाल तर माझे मत आधीच सांगते: पदवीच्या मोठ्या वर्गाला वस्तू द्या, एम.ए.च्या लहान गटाला दप्तर, म्हणजे जुने कागद.

वस्तूच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार आपल्याच जिल्ह्यातला आहे. 1906 साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. नाणी शक राजा क्षत्रप नहपान याची, एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला बाण व वज्र. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावर त्यातल्या बहुतेक नाण्यांवर नुसता आपला ठसा मारला होता. त्यामुळे काही नाण्यांवर ठशातल्या तीन कमानींच्या टेकडीखालून नहपानाचे नाक नि कपाळ अजून दिसते. अशा नाण्याचा मोठा केलेला फोटो वर्गात फिरवा आणि काहीही सांगू नका. नवी नाणी का पाडली नाहीत, जुना चेहरा पुरता का पुसला नाही, बाजारात लोकांनी ते नाणे कशाच्या भरवशावर घेतले असेल, हे प्रश्न मागच्या बाकावरूनही येतात. नंतर अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात न्या, म्हणजे मुले शोधायला काहीतरी घेऊन जातील.

वस्तूला लिपीची अट नाही, आणि साठ जणांच्या वर्गात हे फार मोलाचे आहे. घरातल्या वस्तूंना परवानगीही लागत नाही. पायली, शेर, चिपटे अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडलेले असते. दोन गावांची मापे आणून तांदूळ मोजा, फरक निघाला तर त्यावर एक तास सहज जातो. मात्र वस्तू मुकी असते. तिच्यावरून अंदाज बांधायला मुलांना फार आवडते आणि कोणता अंदाज टिकतो, हे ठरवायला शेवटी लिहिलेला पुरावाच लागतो.

दप्तराचे बळ तिथे आहे. पेशवे दप्तर पुण्याच्या अभिलेखागारात आहे. कागद बहुतेक मोडी लिपीत. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पण कारकुनाचे घसीट अक्षर वाचायला महिने लागतात, कारण ओळ आधी आखलेली, शब्द तोडलेले नाहीत आणि हात उचललेला नाही. तारीखसुद्धा सरळ मिळत नाही. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार: सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांवरची, अरबी शब्दांत लिहिलेली कालगणना) 1171. त्यात 599 मिळवले की 1770, आणि महिना जानेवारी ते मे यांतला असेल तर 600 मिळवून 1771. हे एकदा स्वतः सोडवलेला विद्यार्थी छापील पुस्तकातली तारीख पुन्हा डोळे झाकून उतरवून घेत नाही. ही सवय वस्तूने लागत नाही. पण त्यासाठी दहा-बारा जणांचा गट, मोडी येणारा शिक्षक आणि पूर्ण सत्र हवे. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे नेले तर ती रुमालांचे (कागद बांधलेल्या कापडी गठ्ठ्यांचे) फोटो काढून परत येतात.

स्कॅन केलेले कागद सरावाला चांगले, तेवढेच.

नाशिकचे खास दप्तर म्हणजे पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी नेमकी वही काढतात. कोण कधी आले, बरोबर कोण होते, हे बरेचदा यजमानाच्याच हस्ताक्षरात सापडते. माझा आग्रह एवढाच, की विद्यार्थ्याने आपल्याच घराण्याची नोंद मागावी. दुसऱ्यांची वंशावळ हे प्रकल्पाचे साहित्य नव्हे, आणि वह्या गुरुजींच्या आहेत, त्यांना विचारल्याशिवाय फोटोही काढू नये.

दोन्ही हवेच असेल तर एक जागा आहे: पांडवलेण्यांतले दहावे लेणे. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथल्या भिंतीवर आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. हे दान नगराच्या सभेत जाहीर करून फलकांवर नोंदवल्याचेही लेखच सांगतो. फलक गेले, दगड राहिला. म्हणजे इथे दप्तराचीच नोंद वस्तूवर आहे, आणि मुलांना वर्षाचे व्याज काढायला सांगता येते: 240 अधिक 90, एकूण 330. दोन श्रेणींना वेगळा दर का, यावर वाद घालू द्या. मग तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख दाखवा. तिथे तिच्या मुलाने, म्हणजे गौतमीपुत्राने, नहपानाचा क्षहरात वंश निःशेष केल्याचे कोरलेले आहे, आणि नाण्यावरचा ठसा कुणी कुणावर मारला, ते मुले आपणच सांगतात.

लेण्यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण आहे. अक्षरांवर खडू, पाणी, कागदाचा ठसा काहीही नको. तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात, म्हणून सकाळी लवकर निघा. संग्रहालयाला आणि अभिलेखागाराला पत्रे सत्र सुरू होतानाच द्या. परवानगी वेळेत आली नाही, तर घरची मापे आणि दहावे लेणे एवढ्यावरही प्रकल्प पुरा होतो.