कोबेच्या शाया: एक पावसाळा, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा वापरून

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. जपानमधल्या कोबे शहराच्या नावाने निघणाऱ्या फाउंटन पेनच्या शायांपैकी एकच दौत घेणार असाल तर हातोबा ब्लू घ्या. दोन घेणार असाल तर जोडीला तपकिरी सेपिया. रोक्को ग्रीन माझी स्वतःची सगळ्यांत लाडकी आहे, पण ती मी कुणाला सरसकट घ्या म्हणणार नाही. का, ते पुढे येईलच.

माझी भाची कोबेत नोकरीला आहे. गेल्या गणपतीला आली तेव्हा तिने या तीन दौती आणल्या आणि नंतर कुणाबरोबर तरी चौथी पाठवली. त्याआधी ‘शहराच्या रंगांची शाई’ म्हटलं की मला पर्यटनस्थळी मिळणाऱ्या चावीच्या कड्या आठवायच्या. नाव देखण्या जागेचं, माल कुठलाही. इथे तसं नाही हे कळायला थोडे दिवस गेले.

या मालिकेचं नाव ‘कोबे इंक मोनोगातारी’, म्हणजे कोबेच्या शाईची गोष्ट. काढली नागासावा या कोबेतल्या जुन्या स्टेशनरी दुकानाने. दुकान १८८२ पासूनचं आहे. शाई प्रत्यक्ष बनवते सेलर, ही जपानची १९११ पासूनची पेन कंपनी. मागची हकिगत अशी. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेत भूकंप झाला, सहा हजार चारशेंवर माणसं गेली. पुढे शहर उभं राहिल्यावर नागासावातल्या नाओयुकी ताकेउची यांना वाटलं, की मदतीला धावून आलेल्यांना आभाराची पत्रं लिहायची तर शाईसुद्धा कोबेच्याच रंगाची असावी. २००७ मध्ये पहिले तीन रंग आले: रोक्को डोंगराचा हिरवा, हातोबा म्हणजे धक्क्यावरचा निळा आणि जुन्या परदेशी वसाहतीचा सेपिया. आता रंगांची संख्या साठच्या पुढे गेली आहे. गावोगावच्या दुकानांनी आपापल्या गावाची शाई काढायची जी टूम जपानात आहे, तिची सुरुवात बरेच जण इथूनच मानतात.

पत्रासाठी काढलेली शाई, ही गोष्ट वापरताना सारखी जाणवते. तिन्ही रंग दबलेले आहेत. दौतीत बघितलं तर तिन्ही जवळजवळ काळेच दिसतात, आणि दुकानात समोरासमोर ठेवल्या असत्या तर मी बहुधा शेजारची एखादी झगमगीत निळी उचलली असती. पण झगमगीत शाईत एक पान लिहून झालं की दुसरं वाचायला डोळे तयार नसतात. हिच्यात चार-पाच पानं सलग लिहिली, वाचली, तरी त्रास होत नाही. माझं रोजचं काम मुद्रितं तपासण्याचं आणि भाषांतराचे कच्चे खर्डे हाताने लिहिण्याचं, त्यामुळे मला याची किंमत फार आहे.

आधी हातोबा ब्लू. गडद, किंचित जांभळ्याकडे झुकणारा निळा. आपल्या शाळेतल्या रॉयल ब्लूपेक्षा बराच खोल, ब्लू-ब्लॅकपेक्षा जिवंत. वाळल्यावरही फिका पडत नाही. कार्यालयात, बँकेच्या अर्जावर, कुणाच्या वहीत, कुठेही वापरा, कुणी भुवई उंचावणार नाही. गुळगुळीत कागदावर जाड रेघ ओढली तर कडेला लालसर झाक दिसते, साध्या कागदावर ती शोधूनही सापडत नाही.

त्या धक्क्याचं मुंबईशी जुनं नातं आहे, ते इथे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कोबे बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं १८६८ मध्ये. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने आपला पहिला दूरचा नियमित मार्ग सुरू केला तो कोबे ते मुंबई. कारण कापूस. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचे भाडेदर जपानच्या गिरण्यांना आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना सारखेच जाचत होते, आणि त्या मार्गासाठी इकडून जमशेटजी टाटांनी हात मिळवला होता. त्याच बंदरात, मेरिकेन पार्कमध्ये, भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवला आहे: कललेले दिव्यांचे खांब, पाण्यात उतरलेल्या फरश्या. भाचीने फोटो पाठवला होता, संध्याकाळचा. पाणी खरंच या शाईच्या रंगाचं दिसत होतं. अर्थात फोनचा कॅमेरा काय दाखवील याचा भरवसा मी देत नाही.

आता देवनागरीचा मुद्दा. शायांबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक रोमन किंवा जपानी लिहिणाऱ्यांचं असतं, आणि आपली अडचण वेगळी असते. आपल्याला शिरोरेघ ओढायची असते. शब्द आधी लिहून मग वर रेघ ओढणाऱ्यांची निब प्रत्येक अक्षराच्या ओल्या डोक्यावरून जाते. शाई सढळ वाहणारी असेल तर तिथे ओघळ जमतो, आणि शेजारची वेलांटी रेघेला चिकटते. या शाया सढळच वाहतात. जाड निबेने ‘ध’ची गाठ बुजते, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या पोटातली जागा भरून जाते, अनुस्वाराचा टिपका फुगतो. उपाय सोपा: बारीक निब. जपानी बारीक निबा आपल्या बारीकपेक्षाही बारीक असतात, कारण त्यांच्या चिनाक्षरांत इवल्याशा चौकटीत पंधरा-वीस रेघा बसवायच्या असतात. आपल्या जोडाक्षरांना त्या फारच मानवतात. अशा निबेतून हातोबा ब्लूमध्ये ‘उद्ध्वस्त’ लिहिलं तर प्रत्येक तुकडा सुटा दिसतो.

याचा एक सुखद परिणाम रोक्को ग्रीनमध्ये दिसतो. या शाईत गडद-फिक्याचा खेळ चांगला आहे. उभी रेघ शिरोरेघेला जिथे मिळते तिथे शाई दुहेरी पडते आणि प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर काळपट हिरवी गाठ उमटते. खाली पाय मोकळे, फिके. रोमन लिपीत ही गंमत अशी ओळीने येत नाही. मी आधी शिरोरेघ बऱ्याचदा गाळायचो. या शाईमुळे पुन्हा ओढायला लागलो.

मग शिफारस का नाही? कारण आपल्याकडे हिरव्या शाईला पद आहे. सरकारी कागदावर हिरवी सही म्हणजे वरिष्ठ अधिकारी, हे डोक्यात इतकं पक्कं आहे, की आमच्या सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त मी या शाईत लिहिला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, “काका, राजपत्रित कधी झालात?” वृत्तान्त परत निळ्यात लिहिला. डायरी, पत्रं, वाचताना काढलेली टिपणं यांना ही शाई उत्तम. मुद्रितशोधनालाही मी वापरून पाहिली, पण छापील काळ्यामध्ये ती बुडते, जुळणी करणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. तिथे लालच हवी.

हा हिरवा पोपटी नाही, पानाच्या तजेल्याचाही नाही. लांबून, दमट हवेतून दिसणाऱ्या रानाचा आहे, थोडा निळसर, थोडा राखी. आणि ते रान माणसांनी लावलेलं आहे. रोक्कोचा डोंगर ग्रॅनाइटचा, उंची ९३१ मीटर. शतकानुशतकांच्या तोडीने तो पार उघडा पडला होता. १८८१ मध्ये बोटीतून जाताना तोमितारो माकिनो या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याच्यावर बर्फ पडलंय असं वाटलं, इतका. पावसाबरोबर वाळू आणि दरडी शहरात यायच्या. १९०२ पासून तिथे झाडं लावायला सुरुवात झाली. भूकंपातून सावरणाऱ्या शहराने पहिल्या शाईला याच डोंगराचा रंग द्यावा, हे मला फार बरोबर वाटतं.

सेपियाबद्दल माझं मत महिन्यागणिक बदलत गेलं. सुरुवातीला वाटलं, हा तर कोरा चहा. नंतर लक्षात आलं की ही शाई कागदावर अवलंबून आहे. पांढऱ्याशुभ्र झेरॉक्सच्या कागदावर ती मळकट दिसते. पिवळसर कागदावर, जुन्या हिशेबाच्या वहीत किंवा खादी ग्रामोद्योगाच्या हातकागदावर, तिच्यातला तांबूसपणा वर येतो आणि लिखाण दहा वर्षांपूर्वीचं वाटायला लागतं. हातकागद मात्र चांगला खळ दिलेला हवा, नाहीतर शाई मुळ्यांसारखी फुटते. जिच्या नावाची ही शाई, ती वसाहत १८६८ ते १८९९ अशी परदेशी व्यापाऱ्यांची होती. आखणी जे. डब्ल्यू. हार्ट या इंग्रज अभियंत्याची, एकूण १२६ भूखंड. तिथली १८८० च्या सुमाराची पंधरा क्रमांकाची इमारत भूकंपात कोसळली, आणि तिचंच जुनं सामान वापरून १९९८ मध्ये ती परत उभी केली. आभाराची पत्रं मी याच शाईत लिहितो. दिवाळीत तेवढी वापरली, मग महिनाभर दौत तशीच. रोजची शाई म्हणाल तर नाही.

चौथी दौत मिकागे ग्रे. मिकागे हे कोबेतलं ग्रॅनाइटचं गाव. जपानीत ग्रॅनाइटला याच गावाचं नाव पडलं आहे. रंग सुरेख, पण करडी शाई ही चाळिशी ओलांडलेल्यांची चैन नव्हे. वर मी कौतुक केलेल्या बारीक निबेतून ती भरली की रात्रीच्या दिव्यात मला माझंच अक्षर दिसेना. आता ती चित्रांखाली रेघा मारायला आणि हाशियात शेरे लिहायला ठेवली आहे. तिथे ती मूळ मजकुरावर कुरघोडी करत नाही, हे चांगलं.

पाण्याचं नीट समजून घ्या. या रंगद्रव्य पाण्यात विरघळवून केलेल्या शाया आहेत, पक्क्या नाहीत. थेंब पडला की अक्षर वाहतं. चेक, करार, मृत्युपत्र आणि पावसाळ्यात पोस्टाने जायच्या पाकिटावरचा पत्ता यांसाठी वापरू नका. पाकिटावर मी बॉलपेनने लिहितो, आत शाई. पावसाळ्यात कागदच ओल धरतो, तेव्हा जी वही मे महिन्यात चांगली वागत होती तिच्यातच जुलैमध्ये शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते. वही कपाटात, बंद पिशवीत ठेवली तर फरक पडतो. उलट उन्हाळ्यात पेनातलं पाणी उडतं, रंग दाटतो. चार दिवस न वापरलेलं पेन पहिल्या ओळीला अडतं. निब पाण्यात टेकवून टिपकागदावर टिपली की चालू.

थेट पोटात शाई भरायची मोठी देशी पेनं मला आवडतात, पण या शाईसाठी ती नकोत. टाकी अर्ध्याहून रिकामी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब टपकतो. माझ्या एका पेनाने भाषांतराच्या भर पानावर हातोबा ब्लूचा तलाव केला. कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी नळी, असलेलं पेन बरं, शाईही पुरवून वापरली जाते. धुण्याच्या बाबतीत निळा आणि सेपिया दोन पाण्यांत जातात, हिरवा जरा रेंगाळतो.

पैशाचं बोलायचं तर दौत ५० मिलिलिटरची, तिकडे किंमत दोन हजार येनच्या आसपास. कुणी येणारं-जाणारं असेल तरच परवडते. मागवायची तर टपाल आणि जकात धरून आकडा असा होतो की घरात सांगायची सोय नाही. कॅमलची दौत शंभराच्या आत मिळते, आणि खरडायला, पोरांना, यादीला मी अजून तीच वापरतो. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड विकून सुरू केलेला तो उद्योग. २०११ मध्ये त्यात मोठा हिस्सा घेतला कोकुयो या जपानी स्टेशनरी कंपनीने, आणि कोकुयो ओसाकाची. ओसाका ते कोबे म्हणजे आगगाडीने अर्धा तास. तेव्हा आपल्याकडे शहरांच्या शाया निघायला काही अडचण असू नये. फक्त गेटवे आणि शनिवारवाडा यांची पोस्टकार्डं नकोत. डेव्हिड ससून लायब्ररीच्या मालाडच्या दगडाचा पिवळट तपकिरी, श्रावणातल्या सिंहगडाचा काळपट हिरवा, ससून डॉकचं पहाटेचं पाणी, असे रंग कुणी काढले तर मी रांगेत पहिला.

तोवर भाचीला निरोप गेला आहे: पुढच्या खेपेला हातोबा ब्लूच्या दोन, आणि नुनोबिकी धबधब्याच्या नावाची पाचूच्या रंगाची एक. ती म्हणाली, “मामा, दौती बॅगेत फुटल्या तर साड्या तुम्ही भरून द्या.” कबूल केलं आहे.