चिनीभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी उच्चारांसाठी 'प्रात': सात महिन्यांनंतर

सिंगापूरमध्ये दर रविवारी मी चीनहून आलेल्या सहा नर्सना इंग्रजी बोलायला शिकवते. व्याकरण त्यांचं पक्कं आहे. अडतं ते शब्दाच्या शेवटी. 'बॅग' आणि 'बॅक' एकसारखे ऐकू येतात, नाहीतर 'बॅग'ला शेपटी लागून 'बॅगअ' होतं. मँडरिनमध्ये स्वरानंतर येऊन येऊन न् किंवा ङ् येतो, फार तर र्. ग्, ब्, ट् शेवटी येतच नाहीत.

आधी पैसे भरून एक अॅप घेतलं होतं. हिरवी खूण किंवा लाल खूण, बस. जीभ कुठे चुकली ते कळायचं नाही. त्यात गेलेल्या तीन महिन्यांची मला अजून हळहळ वाटते.

'प्रात' हे अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं मोफत सॉफ्टवेअर. डचमध्ये प्रात म्हणजे 'बोल'. ते गुण देत नाही, आवाजाचं चित्र दाखवतं. एका ब्रिटिश सहकाऱ्याचे 'बॅग', 'बॅक' आणि एका विद्यार्थिनीचे तेच शब्द मी एकाखाली एक लावले. त्याच्या 'बॅग'मधला स्वर चांगलाच लांब, तिचे दोन्ही सारखे. शेवटच्या ग्-वर जोर द्यायचा नाही, आधीचा स्वर लांबवायचा, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल! तिने पडद्यावर बोट ठेवून दोन्ही लांब्या मोजल्या, पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि चौथ्या खेपेला शेपटी गेली.

मलाही यातून एक गोष्ट उमगली. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, 'बी' अक्षराने लिहितात तो आपला ब नाहीच, तो प आहे. 'पी'ने लिहितात तो ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला फ. म्हणजे 'बीजिंग'चा उच्चार 'पेइचिंग'च्या जवळचा! त्यांच्याकडे प-फ आहे, घोष, म्हणजे गळ्यात कंप होणारा, ब नाही. म्हणून इंग्रजी 'पेन'मधला श्वासाचा झोत त्यांना सहज जमतो, आपण मराठी माणसं मात्र तिथे कोरडा प म्हणतो. त्यांच्या 'पेन'चं चित्र माझ्यापेक्षा सरस निघालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

सगळीकडे मात्र सॉफ्टवेअर लागत नाही. 'थिंक'चं 'सिंक' होतं तिथे हातातला आरसा बरा: जिभेचं टोक दातांमध्ये दिसलं पाहिजे. आपला थ शिकवू नका, त्यात हवा अडते. 'व्हेरी'चं 'वेरी' झालं तर वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला सांगा. चेंगडूच्या मुलीचा न आणि ल यांत गोंधळ होतो, तिकडच्या बोलीत तो फरकच पुसट आहे. बीपी 'लो' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याला 'नो' वाटायचं, हे वॉर्डात चालणार नाही. तिला नाक चिमटीत धरायला लावलं: न अडकतो, ल चालू राहतो.

प्रातची सवय व्हायला मला दोन आठवडे लागले. खोली शांत हवी, पंखा बंद. शिकवणारं माणूस शेजारी नसेल तर त्या रेघांतून नवख्याला काही उमगणार नाही, म्हणून एकट्याने शिकणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. शिक्षकांनी मात्र जरूर घ्यावं. येत्या रविवारी आम्ही 'वर्ल्ड' घेणार आहोत, र्, ल्, ड् एका दमात.